शिष्यवृत्तीची मुलाखत: मेडिकल, नर्सिंग, फिजिओच्या विद्यार्थ्यांना काय विचारतात आणि का

महाडीबीटी पोर्टलवरच्या सरकारी शिष्यवृत्त्यांना मुलाखत नसते. दाखले बरोबर असले, उत्पन्न मर्यादेत बसलं आणि कॉलेजने अर्ज वेळेत पुढे पाठवला की तिथलं काम होतं. मुलाखतीला बोलावतात ते खासगी विश्वस्त संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीसाठी राखलेले) निधी, ज्ञातींची शिक्षण मंडळं आणि परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देणारे निधी. यातली काही नावं फार जुनी आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंटची स्थापना १८९२ सालची, आणि तिच्या सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. म्हणजे आरोग्यक्षेत्रात शिकणाऱ्यांना पारखून पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

समितीपुढे येणारे अर्ज कागदावर बहुतेक सारखेच दिसतात. तहसीलदारांचा दाखला, नीटचा किंवा सीईटीचा स्कोअर, बारावीची गुणपत्रिका, कॉलेजचं बोनाफाईड आणि ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ असं संपणारा एक परिच्छेद. त्यातून मोजकेच विद्यार्थी निवडायचे असतात. शिवाय आरोग्याचे कोर्स लांब. एमबीबीएस आणि बीएएमएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांचे, बीडीएस पाच वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. आज एकाला हो म्हटलं की संस्था पुढची चार-पाच वर्षं त्याच्याशी बांधली जाते. म्हणून समितीला समोरासमोर बसून तीन गोष्टी कळून घ्यायच्या असतात: गरज खरी आहे का, हा विद्यार्थी कोर्स पूर्ण करेल का, आणि आपला पैसा नेमका कुठे खर्च होणार.

विचारलेला प्रत्येक प्रश्न फिरून या तिघांपैकी एकावर येतो. त्यामुळे तयारीत सर्वांत महत्त्वाचा कागद तुमचा स्वतःचाच अर्ज. तो भरलात त्याची झेरॉक्स किंवा पीडीएफ ठेवा आणि आदल्या दिवशी ओळन्‌ओळ वाचा. सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेल्या अर्जात काय लिहिलंय हे विद्यार्थ्यालाच माहीत नसणं, यातून बाद होणारे पुष्कळ असतात.

पैशांचे प्रश्न

मुलाखत बहुधा १० ते २० मिनिटांची असते आणि तिचा मोठा भाग पैशांवर जातो. विद्यार्थी मात्र तयारी करून येतात ‘स्वतःबद्दल सांगा’ची.

पहिला प्रश्न साधा असतो. घरी कोण कोण, कोण काय करतं, महिन्याला किती येतात. शेती असेल तर पुढे विचारतात: किती एकर, जिरायत की बागायत, यंदा काय पेरलं, एकरी उतारा किती, कोणत्या भावाने गेलं. वडील रिक्षा चालवत असतील तर रिक्षा स्वतःची की भाड्याची, हप्ता किती उरलाय. इथे कोणाला कमी लेखायचं नसतं. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा आणि घरातली खरी परिस्थिती यांचा मेळ बसतो का, एवढंच पाहायचं असतं. ‘ते पप्पांना माहीत’ हे उत्तर इथे फार नुकसान करतं. जाण्यापूर्वी आईवडिलांसोबत अर्धा तास बसून हे आकडे विचारून घ्या.

दुसरा प्रश्न बोचरा वाटतो, पण तो येणारच: ‘दाखल्यावर वर्षाला ९६,००० रुपये उत्पन्न आहे, मग खासगी कॉलेजची पहिल्या वर्षाची फी कशी भरली?’ उत्तर जे असेल ते सांगा. आईचे दागिने गहाण ठेवले, पतसंस्थेतून कर्ज काढलं, मामांनी हातउसने दिले, जमिनीचा तुकडा विकला. या प्रत्येकाचा काही ना काही कागद असतो: सोनेतारणाची पावती, पासबुकातली नोंद, खरेदीखत. तो सोबत न्या. विद्यार्थी गडबडतात कारण त्यांना वाटतं, पैसे उभे केले म्हणजे गरज नाही असं धरतील. समितीचा तर्क उलटा चालतो. कर्जाचा डोंगर दिसला की गरज पटते. पैसा कुठून आला हेच सांगता आलं नाही की दाखल्यावर शंका येते.

‘शैक्षणिक कर्ज का नाही घेतलं?’ हाही नेहमीचा प्रश्न. घेतलं असेल तर मंजूर रक्कम किती, उचल किती, व्याजदर काय हे पाठ असावं. नाकारलं असेल तर बँकेचं पत्र दाखवा. विचारलंच नसेल तर तसं सांगा आणि कारण द्या.

यानंतर सरकारी योजना. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, यांपैकी काय लागू होतं आणि काय मिळालं, हे स्पष्ट सांगता यायला हवं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत ५० वरून १०० टक्के झाली. तेव्हा अशी मुलगी समोर आली की समिती हमखास विचारते, ‘तुमची फी तर माफ आहे, मग पैसे कशाला?’

याचं उत्तर तयार हिशेबाने द्यायचं असतं. समजा, सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली मुलगी असा कागद करून आणते: वसतिगृह आणि इतर शुल्क १५,०००, मेस महिना ३,५०० प्रमाणे ११ महिन्यांचे ३८,५००, जुनी-नवी पुस्तकं ९,०००, एप्रन, स्टेथोस्कोप, डिसेक्शन किट आणि जर्नल ५,०००, गावी जाणं-येणं ९०० प्रमाणे सहा वेळा ५,४००, मोबाइल, झेरॉक्स, साबण-तेल महिना १,००० प्रमाणे ११,०००. बेरीज ८३,९००. घरून महिना ३,००० म्हणजे ३३,००० येतात, काका वर्षाला १०,००० देतात. तूट ४०,९००. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण शेवटी अशी एक रक्कम उरली पाहिजे आणि ती कशाची, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. एक पानी हिशेब हाताने लिहून नेला तरी चालतो. तो टेबलावर ठेवला की मुलाखतीचा सूरच बदलतो.

कोर्सचा खास खर्च या हिशेबात विसरू नका. बीडीएसला हत्यारं, मेण, प्लास्टर स्वतः घ्यावं लागतं आणि दर वर्षी यादी बदलते. नर्सिंगला गणवेशाचे जोड, पांढरे बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, कम्युनिटी पोस्टिंगचा प्रवास. फिजिओला गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), हॅमर, टेप. समितीत सगळे वैद्यकीय क्षेत्रातले नसतात; एखादे निवृत्त बँक अधिकारी किंवा सीए असतात. त्यांना ‘इन्स्ट्रुमेंट्स १८,०००’ एवढं पाहून पटत नाही. कॉलेजने दिलेली यादी जोडली की प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळत असेल किंवा तिथे अर्ज केला असेल तर लपवू नका. अनेक संस्थांचे विश्वस्त एकमेकांना ओळखतात, काही जण याद्या पडताळून पाहतात. दोन ठिकाणी अर्ज करणं चूक नाही. लपवलेलं उघडकीस आलं तर मात्र दोन्हीकडून नाव जातं.

‘हाच कोर्स का?’

इथे घोकलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. ‘लहानपणापासून डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं’ हे वाक्य एका दिवसात समितीच्या कानावर चाळीसदा पडलेलं असतं. ते खरं असलं तरी त्यावर थांबू नका. एखादी ठोस गोष्ट सांगा: आजीला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा तालुक्याला नेताना काय पाहिलं, गावातल्या आशाताईंसोबत फिरताना काय लक्षात आलं, हाड मोडल्यावर फिजिओकडे सहा आठवडे गेल्यावर काय फरक पडला. तीन-चार वाक्यं पुरतात. घरातला आजार किंवा मृत्यू सांगायचा असेल तर सांगा, डोळ्यांत पाणी आलं तर क्षणभर थांबा, कोणी राग मानत नाही. पण फक्त सहानुभूतीसाठी ते पुढे केलं तर ऐकणाऱ्याला कळतं.

कोर्सनुसार टोचणारे प्रश्न ठरलेले आहेत. बीएएमएस आणि बीएचएमएसला: ‘एमबीबीएस मिळालं नाही म्हणून इकडे आलात का?’ खरंच तसं असेल तर मान्य करा आणि पहिल्या वर्षात इथलं काय आवडलं ते सांगा. संस्कृत जड गेलं पण शरीररचनेत गोडी लागली, असं उत्तर कितीतरी बरं. फिजिओला: ‘मालिश करणारा आणि तुम्ही यात फरक काय?’ हा अपमान समजू नका. लकवा झालेल्या रुग्णाला पुन्हा उभं करण्यात फिजिओचं काम काय, हे तुम्हाला सांगता येतं का ते पाहतात. नर्सिंगच्या मुलांना: ‘मुलगा असून नर्सिंग?’ आणि मुलींना: ‘दुबईला किंवा जर्मनीला जाणार का?’ परदेशी जायचा विचार असेल तर ‘नाही, मी गावातच राहणार’ असं खोटं बोलण्याची गरज नाही. आधी दोन-तीन वर्षं इथल्या रुग्णालयात अनुभव घेईन, मग ठरवेन, हे प्रामाणिक आहे. फक्त संस्थेची अट वाचून जा. काही देणगीदार ठराविक काळ भारतात काम करण्याची अट घालतात, आणि कर्ज-शिष्यवृत्ती असेल तर परतफेड करावी लागते. हे मुलाखतीत पहिल्यांदा कळू नये.

मुलींना ‘लग्न ठरलं तर?’ असं विचारणारे आजही भेटतात. असं विचारू नये, पण विचारलं तर चिडून उत्तर दिल्याने आपलंच नुकसान होतं. ‘इंटर्नशिप पूर्ण होईपर्यंत लग्नाचा विषय नाही, हे घरी बोलून झालंय’ एवढं शांतपणे म्हणा आणि अभ्यासाकडे वळा.

गुणपत्रिकेतली खळगी आधीच ओळखून ठेवा. नीटला दोन वर्षं ड्रॉप, बारावीत घसरलेले गुण, पहिल्या वर्षी एका विषयात सप्लिमेंटरी. कारण एका वाक्यात आणि आता काय बदललं ते दुसऱ्या वाक्यात. नापास होणं हा समितीला न झेपणारा धक्का नसतो. शरीररचनाशास्त्रात अडखळलेली मुलं डॉक्टर होतात, हे टेबलापलीकडच्या डॉक्टरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. परीक्षकांना दोष देणारा विद्यार्थी मात्र पुढच्या वर्षीही तेच करेल, असं त्यांना वाटतं.

विषयाचं ज्ञान किती विचारतात?

थोडंच, आणि तेही पायाभूत. समितीत डॉक्टर किंवा मेट्रन असतील तर दोन-चार प्रश्न येतात: हृदयाच्या झडपा किती, ओआरएसचं पाकीट किती पाण्यात मिसळायचं (बाजारातलं २१ ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट एक लिटरमध्ये), गरोदर बाईचं हिमोग्लोबिन किती खाली गेलं की रक्तक्षय म्हणायचा (११ ग्रॅमच्या खाली). तुम्ही ज्या वर्षाला आहात तिथवरचंच विचारतात. येत नसेल तर ‘सर, हे मला आत्ता सांगता येणार नाही’ म्हणा. रुग्णाच्या बाबतीत अंदाजपंचे बोलणारा माणूस धोक्याचा, ही भावना आरोग्यक्षेत्रातल्या लोकांमध्ये खोल रुजलेली आहे. त्यामुळे माहीत नाही हे उत्तर इथे इतर कोर्सच्या मुलाखतींपेक्षा जास्त मान मिळवतं.

आपल्या जिल्ह्याच्या आरोग्याची माहिती विचारली जाते, आणि इथे बहुतेकांची तयारी शून्य असते. तुमच्या गावाचं उपकेंद्र कुठे, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, सिझेरियन करायचं तर कुठे न्यावं लागतं? सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्येला आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० ला एक उपकेंद्र, हा निकष आहे. तो तुमच्या तालुक्यात किती पाळला जातो हे आशाताई किंवा उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरांना विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. विदर्भ किंवा नंदुरबारकडचे असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल, मेळघाटातले असाल तर कुपोषणाबद्दल, कोकणातले असाल तर विंचू-सर्पदंशाबद्दल विचारतील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणाला काय मिळतं, हेही जाणून घ्या. घरातल्या कोणाला तिचा लाभ झाला असेल तर तोच तुमचा सर्वांत चांगला दाखला.

पेचाचे प्रश्न

‘तुमच्या मैत्रिणीने परीक्षेत कॉपी केली, तुम्ही पाहिलं. काय कराल?’ ‘रुग्णाचे नातेवाईक म्हणतात, कॅन्सर आहे हे त्याला सांगू नका. काय कराल?’ ‘वॉर्डात सीनिअर हात न धुता ड्रेसिंग करतोय.’ असे प्रश्न हल्ली वाढलेत. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने मेडिकल प्रवेशासाठी असे पेच घालणाऱ्या छोट्या-छोट्या मुलाखतींची साखळी सुरू केली, तेव्हापासून जगभर या प्रकाराचा वापर पसरला.

यात बरोबर उत्तर एकच नसतं. तुम्ही कोणाकोणाचा विचार करता हे पाहतात. कॅन्सरच्या प्रश्नात रुग्णाचा जाणून घेण्याचा हक्क, नातेवाइकांची भीती आणि विद्यार्थी म्हणून तुमची मर्यादा, या तिन्ही बाजू उत्तरात आल्या पाहिजेत. ‘मी परस्पर सांगणार नाही आणि खोटंही बोलणार नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नातेवाइकांचं म्हणणं कळवेन’ हे विद्यार्थ्याच्या तोंडी शोभणारं उत्तर. हात न धुणाऱ्या सीनिअरच्या बाबतीत लगेच अधीक्षकांकडे तक्रार करण्याआधी त्याच क्षणी सॅनिटायझर पुढे करणं सुचलं, तर समजूतदारपणा दिसतो. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ न देणं पहिलं, बाकीचं नंतर.

याच्याशी जोडलेली एक चूक अतिशय सर्रास होते. वॉर्डातला अनुभव सांगताना विद्यार्थी रुग्णाचं नाव, गाव, आजार सगळं सांगून टाकतात. काही जण मोबाइलमधला फोटो दाखवायला जातात. हे अजिबात करू नका. ‘पन्नाशीतल्या एक शेतकरी बाई’ एवढं पुरे. रुग्णाची ओळख बाहेर न जाऊ देणं हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. डॉक्टर सदस्यासमोर तो मोडला की बाकी उत्तरं कितीही चांगली असोत, मन खट्टू होतं.

‘गावात काम कराल का?’ याला चटकन हो म्हणायचा मोह होतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची सामाजिक उत्तरदायित्वाची सेवा, म्हणजे बोलीत ‘बाँड’, असतेच. तेव्हा ‘हो’ म्हटलंत की पुढचा प्रश्न येतो: बाँड संपल्यावर? पीजीची तयारी करणार असाल तर तेच सांगा. कोणत्या विषयात आणि का, हे सांगितलं तर उत्तर पूर्ण होतं.

त्या दिवशी

मूळ कागद एका फाइलमध्ये, अर्जात जोडले त्याच क्रमाने: आधार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीट किंवा सीईटीचा निकाल, प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर, फीच्या पावत्या, बोनाफाईड, पासबुकाचं पहिलं पान. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आणि कधीपर्यंत चालतो, ही तारीख नक्की पाहा. मार्चअखेर मुदत संपलेला दाखला घेऊन येणारे दर वर्षी असतात, आणि नवा काढायला सेतू केंद्रावरून काही दिवस जातात. आधार, गुणपत्रिका आणि पासबुकावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर पैसे जमा होताना अडतं. ते आधीच दुरुस्त करा.

कपडे साधे, धुतलेले, इस्त्रीचे. गरीब दिसावं म्हणून मुद्दाम जुनाट घालू नका, उसना कोटही नको. महागडा फोन दिसला तर विचारतात. भावाने हप्त्यावर घेऊन दिला असेल तर तसं सांगा. मराठीत बोललं तर चालेल का, हे सुरुवातीलाच विचारा. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांना ते चालतं, आणि तुटक इंग्रजीत अडखळण्यापेक्षा आपल्या भाषेत हिशेब नीट मांडणं कधीही चांगलं. आईवडील सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की प्रश्न तुम्हाला असताना उत्तर तुम्हीच द्याल. वडिलांनी मध्येच बोलून मुलीला गप्प केलं, तर समितीच्या कागदावर तीही नोंद होते.

ऑनलाइन मुलाखत असेल तर गावात रेंज कुठे येते ते आदल्या दिवशी त्याच वेळेला तपासा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, हेडफोन लावा, संपर्क क्रमांक लिहून ठेवा. मध्येच तुटलं तर लगेच फोन करून कळवा. वाट बघत बसलात तर पुढच्या विद्यार्थ्याचा नंबर लागतो. उत्तरं समोर चिकटवून वाचू नका, डोळ्यांची हालचाल दिसते.

काही संस्था निवडीआधी गृहभेट देतात. कार्यकर्ते येऊन घर, घरातली माणसं, कधी शेजाऱ्यांशी दोन शब्द, असं पाहून जातात. घर आवरून ठेवणं ठीक. टीव्ही शेजारी हलवून ठेवणं मात्र अंगाशी येतं, कारण भिंतीवरचे खिळे आणि केबल तिथेच असतात.

निवड झाली तर रक्कम बहुधा थेट कॉलेजच्या खात्यात किंवा तुमच्या खात्यात हप्त्यांनी येते. मंजुरीपत्रातली नूतनीकरणाची अट नीट वाचा: दर वर्षी गुणपत्रिका पाठवायची तारीख, एखादा विषय राहिला तर काय, वसतिगृह सोडलं तर कळवायचं का. निकाल लागला की पंधरा दिवसांत गुणपत्रिका पाठवून द्या. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागणार असेल तर कॉलेजकडून तसं पत्र घेऊन संस्थेला आधीच मेल करा. निवड झाली नाही, तर कारण विचारणारा दोन ओळींचा नम्र मेल पाठवायला हरकत नाही. काही संस्था उत्तर देतात, आणि दुसऱ्या वर्षाला पुन्हा अर्ज चालतो का तेही त्यातच कळतं.